आमच्या ग्रामसभेस खुलं पत्र: आधी बागेत या, मग ठराव करा

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामसेवक,
तसंच ग्रामसभेत हात वर केलेले आणि न केलेले माझे सगळे गावकरी,

सप्रेम नमस्कार.

१५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा झाली. द्राक्षाची वाईन करणाऱ्या आमच्या वायनरीला तीन वर्षांपूर्वी दिलेला ना-हरकत दाखला रद्द करायचा ठराव त्या सभेत झाला. ठरावाची नक्कल माझ्या हातात पडली ती गौरी-गणपती उरकल्यावर. मधल्या काळात मी दोन अर्ज दिले. पहिल्याची पोच मिळाली, उत्तर नाही. दुसऱ्याची पोचही मिळाली नाही. शेवटी पंचायतीच्या मंडळींना घरी जाऊन भेटले, तेव्हा "गावाची भावना आहे, आम्ही काय करणार" एवढंच ऐकून परत आले. भावना गावाची असेल तर बोलायलाही गावाशीच हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

पत्रात गावाचं नाव घातलेलं नाही, कुणा माणसाचंही नाही. या गावात मी सून म्हणून आले त्याला चोवीस वर्षं झाली. बाहेरच्या कुणी गावाकडं बोट दाखवावं असं मला नको आहे. पण शिरोळ-हातकणंगल्याकडच्या आणि नदीपलीकडच्या मिरज-तासगावकडच्या गावांतही असा प्रश्न कधीतरी उभा राहणार, तेव्हा तो नीट बोलला जावा, ही इच्छा आहे.

सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाच्या मनात किंतु राहणार नाही. वाईन ही दारूच आहे. जानेवारी २०२२ मध्ये हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय सरकारनं घेतला, त्यावर राज्यभर वादळ उठलं आणि तो निर्णय अमलात आला नाही. त्या दिवसांत "वाईन म्हणजे दारू नव्हे" असं पुष्कळ बोललं गेलं. मी तसं कधी बोलले नाही, आजही बोलणार नाही. आमच्या बाटलीत साडेबारा टक्के मद्यार्क असतो, तो लेबलावर छापलेला असतो. वाईन हृदयाला चांगली, रक्त वाढवते, असलं काही सांगून मी ती विकत नाही. दारूचं कुठलंच प्रमाण तब्येतीला सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलेलं मी वाचलं आहे आणि ते मला मान्य आहे.

आणि दारू म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझं माहेर गडहिंग्लज भागातलं. वडील देशी पिऊन बेचाळिसाव्या वर्षी गेले. बाजारच्या दिवशी आई आम्हा दोघा भावंडांना पिंपळाच्या पाराजवळ उभं करायची, कारण पोरं समोर दिसली की बाबा निदान अर्धे पैसे तिच्या हातावर ठेवायचे. आम्ही तिथं तासन् तास उभे असायचो. ते दुसऱ्या वाटेनं निघून गेले, की आई काही न बोलता रिकामी पिशवी घडी घालून काखेत धरायची. ती घडी घालतानाची तिची बोटं मला आजही दिसतात. म्हणून या गावात देशी दारूचं दुकान बंद करायचं मतदान लागलं, तेव्हा सह्या गोळा करत दारोदार फिरणाऱ्यांत मी होते. आडव्या बाटलीवर शिक्का मारून आलेले होते. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवी बाटली निवडली तरच दुकान बंद होतं. आपण तेवढ्या जमलो आणि दुकान बंद झालं. त्या रात्री चावडीसमोर आपण सगळ्याजणी फुगडी घालत होतो. ते तुम्ही विसरला नसाल, मीही विसरलेले नाही.

मग हीच बाई वाईन कशी करायला लागली, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. उत्तर शेतातूनच सुरू होतं.

आमचं खालचं शेत, ओढ्याच्या अंगाचं, सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत क्षारपड झालं. उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी सोडलं, निचऱ्याकडं कुणी बघितलं नाही आणि उन्हाळ्यात जमिनीवर पांढरं मीठ फुटायला लागलं. आपल्या तालुक्यात हे दुखणं किती घरांत आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. सच्छिद्र पाइप घालून अर्धं शेत परत मिळवलं, अर्धं अजून पडीक आहे. त्यात ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. कृष्णा आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला भेटतात. तिथं पाणी तुंबलं की मागं आपल्यापर्यंत येतं. उसाचे शेंडे तेवढे पाण्यावर होते, पाणी ओसरल्यावर सगळा ऊस कुजला. तेव्हा घरात ठरलं, की वरच्या माळावर वेगळं काही लावल्याशिवाय गत्यंतर नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. माळ तेव्हाही कोरडा राहिला.

माळावर २०२० च्या उन्हाळ्यात द्राक्षाच्या कलमाला मुळं देणारे डॉगरिजचे खुंट लावले, कारण हा खुंट खारट पाणी आणि दुष्काळ दोन्ही सोसतो. पावसाळा सरताना त्यावर पुसा नवरंग या द्राक्षाची कलमं केली. या भागात द्राक्ष करणारे आहेत, पण थॉमसन, सोनाका, सुपर सोनाका, नाहीतर काळ्यात शरद. पुसा नवरंग म्हटल्यावर जाणकार बागायतदारांनीही भुवया उंचावल्या. तुमच्यातल्या बहुतेकांनी हे द्राक्ष तोंडात घातलेलं नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

शरदचा एक मणी घ्या आणि नखानं फोडा. साल काळी, पण आत पाणीदार, फिकट गर. जगातली बहुतेक काळी द्राक्षं अशीच असतात. तांबड्या वाईनचा रंग सालीतून येतो, म्हणून रस सालीसकट आंबवावा लागतो. पुसा नवरंगचा मणी फोडला तर आतला गरच लाल असतो, बीट कापल्यासारखा. खाल्लं की जीभ, दात, ओठ सगळं रंगतं. आमच्या शेजारच्या आक्कांनी पहिल्या तोडणीला चार मणी तोंडात टाकले आणि हात पदराला पुसला. तो पांढऱ्या पातळाचा पदर तीनदा धुतला तरी जांभळा डाग गेला नाही. अशा लाल रसाच्या द्राक्षांना फ्रेंच लोक 'तांत्युरिए' म्हणतात, त्याचा अर्थ रंगारी.

ही जात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढली. पुसा हे नाव तिथलंच. मादलेन अँजेव्हिन या लवकर पिकणाऱ्या जुन्या फ्रेंच द्राक्षाचा आणि रुबी रेड या कॅलिफोर्नियातल्या लाल रसाच्या द्राक्षाचा तो संकर आहे. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे ती लवकर तयार होते आणि करपा हा बुरशीचा रोग सहन करते. कोल्हापूरची हवा ही नाशिकची हवा नव्हे. आपल्याकडं पाऊस जास्त, धुकं जास्त, करप्यानं बाग बसवली असं दर दोन-तीन वर्षांनी ऐकू येतं. डाउनी, भुरी हे दुसरे बुरशीचे रोग येतातच, पण करप्याच्या फवारण्या आमच्या खरंच कमी झाल्या. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्यांनी पुढं याच पुसा नवरंगचा फ्लेम सीडलेसशी संकर करून मांजरी मेडिका काढली, तिचाही रस लाल. तीही आम्ही अर्धा एकर लावली आहे.

"एवढं चांगलं द्राक्ष आहे तर पेटीत भरून विका की," असं सभेत कुणी म्हटल्याचं कळलं. दादा, विकून बघितलं. मणी लहान, हाताला-तोंडाला रंग लागतो. व्यापाऱ्यानं एकदा पेटी उघडून बघितली आणि परत फोन उचलला नाही. ज्यूस करतो, आजही निम्म्या मालाचा ज्यूसच करतो. पण तो गरम करून बाटलीत भरला तरी थंड ठेवावा लागतो, लांबचं गिऱ्हाईक मिळत नाही, आणि उरलेला ज्यूस पावसाळ्यात मी या हातांनी ओतून दिलाय. ही द्राक्षं ज्यासाठी घडवली गेली त्यात ज्यूस आहे तशी रंगीत वाईनही आहे. सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क उभे केले, ते द्राक्ष शेतकऱ्याच्या मालाला दुसरी वाट मिळावी म्हणूनच. आम्ही त्या वाटेनं गेलो. राज्य उत्पादन शुल्क खात्याचा रीतसर परवाना घेतला, बँकेचं कर्ज काढलं, आणि तीन वर्षांपूर्वी याच ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घेतला.

"कारखाना" हा शब्द ठरावात चार वेळा आलाय, म्हणून तो कारखाना कसा दिसतो तेही सांगते. जुना गोठा होता, त्याला फरशी घातली, भिंतींना चुना दिला. आत हजार-हजार लिटरच्या तीन स्टीलच्या टाक्या. गेल्या हंगामात वाईनसाठी निघालेल्या मालानं दोन टाक्या भरल्या, तिसरी रिकामीच राहिली. फेब्रुवारीत पहाटे घड तोडायचे, ऊन चढायच्या आत गोठ्यात आणायचे, देठ काढायचे, मणी फोडून सालीसकट टाकीत. रसातली साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकून उजेडाकडं धरलं, साखर बावीस ब्रिक्स दिसली, की यीस्ट घालायचं. दुसऱ्या दिवशी कान लावला तर टाकीतून आंबोळीचं पीठ फसफसावं तशी सळसळ ऐकू येते. साली वर तरंगतात आणि हातभर जाडीचा थर धरतात. तो दिवसातून तीनदा दांड्यानं खाली दाबायचा. एक पाळी चुकली की वरचा थर तापतो, कोरडा पडतो आणि सगळं व्हिनेगरसारखं आंबट होऊन जायची भीती. रात्री अकराची पाळी माझी असते. दोन्ही दारं उघडी टाकून, पंखा लावून मगच टाकीवर वाकायचं, कारण आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. दांडा वर काढला की कोपरापर्यंत हात जांभळा. दहा-बारा दिवसांनी साखर संपते, सळसळ थांबते, मग चोथा पिळून काढायचा आणि वाईन महिनोन् महिने निवत ठेवायची. आमचा कारखाना तो एवढाच.

आता तक्रारी. त्या सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, म्हणून कुठं जास्त बोलेन, कुठं कमी.

पहिली तक्रार ठराव कसा झाला याची. सभेच्या नोटिशीवर नऊ विषय होते. नळपाणी, घरकुल, स्मशानभूमीचा रस्ता, शाळेची संरक्षक भिंत. वायनरीचा विषय त्यात नव्हता. तो आला "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयां"त, सगळ्यात शेवटी, निम्मी माणसं उठून गेल्यावर. ज्यांच्या पोटावर पाय येणार त्यांना आधी कळवायचं नाही, बोलवायचं नाही, बाजू विचारायची नाही, ही कुठली रीत? त्या दिवशी मी गावातच होते, घरापासून पटांगण तीनशे पावलांवर आहे. एक पोर जरी पाठवलं असतं तरी आले असते. ज्या आक्कांच्या पदराचं मघाशी सांगितलं, त्याच आक्का मला म्हणाल्या, "मी हात वर केलो की, पर कशापायी त्ये कळलंच न्हाई. माईक बंद पडलाता. समदी करत्यात म्हणून केलो." ठरावात "बहुमताने मंजूर" लिहिलंय. त्या बहुमतातला एक हात हा आहे.

याला जोडूनच दुसरी, आणि माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली. ठरावात लिहिलंय, "गावातील समस्त महिलांच्या मागणीवरून." नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची, हे कायद्यात आहे. ती सभा झालीच नाही. बायकांचं म्हणणं लिहायचं, पण बायकांना बसवून विचारायचं नाही. आडव्या बाटलीच्या वेळी आपण घरोघर जाऊन एकेका बाईला समजावलं होतं, नवऱ्याच्या धाकातली बाई चोरून येऊन सही करून गेली होती. बाईचं मत असं कमवावं लागतं. आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. सरकारनं परिपत्रक काढून तो राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींपुढं ठेवला. ग्रामसभेच्या ठरावात एवढं बळ असतं. तेच बळ माझ्यावर वापरताना पाच मिनिटंही विचार झाला नाही, याचं वाईट वाटतं.

तिसरी तक्रार शब्दांची. ठरावात आम्हाला "दारूचे दुकान व कारखाना" म्हटलंय. दुकान आम्ही कधीच काढलेलं नाही. गावात एक बाटली विकलेली नाही, कुणाला फुकट दिलेली नाही. बाटल्या जातात त्या परवानाधारक दुकानांना आणि हॉटेलांना, प्रत्येक बाटलीची नोंद रजिस्टरला आहे आणि ते रजिस्टर कुणीही बघावं. इथं एक अवघड गोष्ट बोलते, कुणी रागावू नका. आपल्या गावचा सगळा ऊस कारखान्याला जातो. उसातून साखर निघाली की मळी उरते, मळीचं स्पिरिट होतं, आणि देशी दारू त्या स्पिरिटाचीच होते. माझे वडील जे प्याले, ते कुणाच्या तरी उसातून आलेलं होतं. म्हणून मी ऊस लावणाऱ्या कुणाला कधी दोष दिलेला नाही, देणार नाही. आम्ही स्वतः ऊसवालेच आहोत. शेतकरी पीक घेतो, त्याचं पुढं काय होतं याची जबाबदारी वाटून घ्यावी लागते, एकट्याच्या गळ्यात घालता येत नाही. आम्ही आमच्या वाट्याची घ्यायला तयार आहोत. ती किती, हे मात्र बसून ठरवा.

चौथी, हातभट्टीची. ओढ्याच्या वळणावर काय चालतं ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दुकान बंद झालं, पण आपल्या पोरांच्या हातात ती पिशवी अजून येते. तिच्यावर १५ ऑगस्टच्या सभेत एक अक्षर निघालं नाही. जिथं परवाना आहे, नोंद आहे, कर आहे, त्यांच्यावर ठराव. जिथं काहीच नाही तिथं शांतता.

पाचवी तक्रार माझी नाही, माझ्याकडं कामाला येणाऱ्या नऊ बायकांची आहे. वांझ फुटी काढायला, शेंडे मारायला, घड तोडायला त्या येतात. सगळ्या याच गावच्या, चौघी एकट्या घर चालवणाऱ्या. ठराव झाल्यापासून त्यांना "दारूवालीकडच्या" म्हटलं जातं. एकीच्या सुनेच्या माहेरी निरोप गेला, "तुमची ईहीण दारूच्या भट्टीवर कामाला जाती." ती दुसऱ्या दिवसापासून आली नाही. उरलेला पगार द्यायला मी तिच्या घरी गेले, तर तिनं दारातूनच पैसे घेतले आणि आत बोलावलं नाही. चोवीस वर्षांत त्या घरातून मी चहा न घेता कधी परतले नव्हते.

आणि जी चूक आमची आहे ती कबूल करते. यंदाच्या फेब्रुवारीत चोथा बांधावर तसाच आठ दिवस पडून राहिला, वास सुटला, माश्या झाल्या, खालच्या वस्तीला त्रास झाला. त्या वस्तीची मी तेव्हाही माफी मागितली, आत्ताही मागते. आता चोथा त्याच दिवशी शेणकाल्यात मिसळून खड्ड्यात जातो. टाक्या धुतलेलं पाणी आंबट असतं, ते प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात चुना टाकून निववतो आणि मगच बागेला सोडतो. तरीही सार्वजनिक विहिरीचं पाणी आमच्यामुळं बिघडल्याचं बोललं जातंय. विहिरीचं पाणी तपासा. नमुना पंचायतीनं घ्यावा, प्रयोगशाळा पंचायतीनं निवडावी, खर्च आम्ही देऊ. दोष आमचा निघाला तर मी स्वतः टाक्या बंद करीन.

कोल्हापूरच्या मातीत नवीन पिकाला भिऊन दार लावायची रीत नव्हती. शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या बाजूला चहा-कॉफीची लागवड करून बघितली, शेतमालाला बाजार हवा म्हणून जयसिंगपूर वसवलं. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला आणि आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, कारण कुणीतरी ते जपलं. पुसा नवरंगला असला मान नाही, पण माळावर टिकणारं, करपा सोसणारं हे पीक उसाखेरीज दुसरा विचार करणाऱ्या कुणाला उपयोगी पडेल. गेल्या दोन वर्षांत पाच-सहा तरुण पोरं काड्या मागायला आली होती. ठरावानंतर एकही आला नाही.

माझ्या मागण्या या आहेत.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी घ्या. गांधी जयंतीला दारूचा विषय नको, असं काहींना वाटेल. माझं म्हणणं, त्याच दिवशी घ्या, म्हणजे सगळे जबाबदारीनं बोलतील.

त्याआधी महिला ग्रामसभा बोलवा. दवंडी द्या, माईक चालू ठेवा. माझ्यासमोर बोलायला कुणाला अवघड वाटत असेल तर माझं म्हणणं मांडून मी बाहेर जाऊन बसेन.

सभेआधी पाच जणांना बाग आणि गोठा बघायला पाठवा. त्यात तीन बायका असाव्यात आणि त्यातली एक तरी जिच्या घरात दारूनं वाटोळं केलंय अशी असावी.

दाखला चालू ठेवलात तर अटी लिहून घाला. गावच्या हद्दीत विक्री नाही, चव द्यायची सोय नाही, फलक नाही. जत्रा, कुस्तीचं मैदान, गणेश मंडळ, कुठंही आमच्या नावाची वर्गणी किंवा जाहिरात नाही. चोथ्याची आणि पाण्याची तपासणी वर्षातून दोनदा. एक अट मोडली तरी दाखला रद्द. यावर मी आजच सही करते.

त्याच सभेत हातभट्टीवर ठराव करा आणि तो पोलिसांकडं पाठवा. त्या अर्जावर पहिली सही माझी घ्या.

कामावर येणाऱ्या बायकांना नावं ठेवणं थांबवा. यासाठी ठराव लागत नाही. सरपंचांनी सभेत एकदा सांगितलं तरी पुरे.

आणि महिला ग्रामसभेनं सगळं बघून, ऐकून, तरीही नको म्हटलं, तर मी कोर्टात जाणार नाही. कारणं लेखी द्या, टाक्यांत आहे ती वाईन परवान्याप्रमाणं विकायला आणि बँकेशी बोलायला एक हंगाम द्या. मग गोठ्याला कुलूप लावीन आणि सगळा माल ज्यूसला देईन. बाग तोडणार नाही.

ऑक्टोबर छाटणीची तारीख मी ४ धरली आहे. ती लांबवता येत नाही. काडी पक्व झाली आहे, आणि छाटणी उशिरा केली तर फळ पुढच्या उन्हात सापडतं. छाटणी केली की फेब्रुवारीत घड हातात येणार, तेव्हा ते कुठं न्यायचे हे मला त्याआधी ठाऊक असायला हवं. म्हणून २ तारखेचा एवढा आग्रह.

येत्या रविवारी सकाळी सातपासून बागेचं फाटक उघडं आहे. वेलीवर आत्ता घड नाहीत, पण गेल्या हंगामातला ज्यूस शिल्लक आहे, मुलांनाही आणा. रजिस्टर टेबलावर ठेवते. ओढ्याकडची पाणंद अजून ओली आहे, तेव्हा वरच्या रस्त्यानं या.

आपली,
या गावची सून आणि द्राक्ष बागायतदार
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर